ओआहू बेटावरील सैनिकी कुटुंबे आणि गृहशिक्षण

शाळा आणि कुटुंब यांच्या परस्परसंबंधाचा विचार करताना एक गोष्ट बहुधा न सांगता गृहीत धरली जाते. कुटुंब एका जागी स्थिर आहे, शाळा त्याच्या आसपास आहे, आणि मूल इयत्तेमागून इयत्ता ओलांडीत त्याच परिसरात वाढत आहे, ही ती गोष्ट होय. हे गृहीत जेथे लागू पडत नाही अशा समाजगटांचा अभ्यास म्हणूनच उद्बोधक ठरतो. आपल्याकडील ऊसतोड कामगार, सर्कशीची मंडळी, भटक्या जमाती हे असे गट होत. सैनिकांची कुटुंबेही त्यांतच मोडतात. फरक एवढाच की, त्यांचे स्थलांतर दारिद्र्यातून उद्भवलेले नसते. ते शासनाच्या लेखी आज्ञेने होते, आणि त्या आज्ञेबरोबर वेतन, भत्ते, घर, दवाखाना अशी एक सबंध व्यवस्था कुटुंबाच्या मागोमाग फिरत राहते. शाळा मात्र फिरत नाही. ह्या एका उणिवेतून सैनिकी घरांत मुलांना घरीच शिकविण्याची पद्धत कशी रूढ होत गेली, तिचा भार कोणावर पडतो, आणि ज्या भूमीवर ही कुटुंबे तीन वर्षे काढतात त्या भूमीशी त्यांचे नाते ह्या पद्धतीने कसे ठरते, ह्याचा विचार हवाई द्वीपसमूहातील ओआहू बेटाच्या उदाहरणावरून करावयाचा आहे. (मराठीत ‘हवाई’ ह्या शब्दाचा दुसरा अर्थ रूढ असल्याने वाचकाचा घोटाळा होऊ नये म्हणून पुढे हा शब्द केवळ त्या बेटांसाठी व त्याच नावाच्या अमेरिकन राज्यासाठीच योजिला आहे.)

बदलीच्या नोकरीतील मनुष्याच्या मुलांचे शिक्षण कसे व्हावे, हा प्रश्न भारतातही निर्माण झाला होता. दुसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने १९६२ च्या नोव्हेंबरात एक योजना संमत केली, आणि १९६३-६४ मध्ये पलटणींच्या २० शाळा ताब्यात घेऊन केंद्रीय शाळांचा आरंभ झाला. देवळालीतून जबलपुरास बदली झालेल्या हवालदाराच्या मुलास तेच पाठ्यपुस्तक व तोच अभ्यासक्रम मिळावा, एवढे साधे तत्त्व ह्या केंद्रीय विद्यालयांच्या मुळाशी होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असे होऊ शकले नाही, कारण तेथे शिक्षण हा घटक राज्यांचा आणि बव्हंशी स्थानिक मंडळांचा विषय आहे. संरक्षण खात्याच्या स्वतःच्या शाळा आहेत, पण त्या मुख्यतः परदेशांतील तळांवर आणि मायभूमीतील मोजक्या छावण्यांत आहेत. हवाईत अशी एकही शाळा नाही. सैनिकांची मुले तेथे राज्याच्या सार्वजनिक शाळांत जातात. काही शाळा तर छावणीच्या फाटकाच्या आत आहेत, तरीही शिक्षक, पुस्तके व नियम राज्याचेच असतात. हवाईतील सर्व सार्वजनिक शाळा मिळून राज्यभर एकच शैक्षणिक जिल्हा आहे. अमेरिकेतील दुसऱ्या कोणत्याही राज्यात अशी रचना आढळत नाही.

ओआहू हे ह्या द्वीपसमूहातील तिसऱ्या क्रमांकाचे बेट होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,५४५ चौरस किलोमीटर असून २०२० च्या जनगणनेत तेथे दहा लाखांहून थोडी अधिक वस्ती होती. राज्याची राजधानी होनोलुलू ह्याच बेटावर आहे. पर्ल हार्बर ह्या बंदराच्या वापराचा एकाधिकार अमेरिकेने हवाईच्या राजाकडून १८८७ मध्ये मिळविला. १८९३ मध्ये राजसत्ता उलथविण्यात आली, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत सामील करून घेण्यात आली, आणि १९५९ मध्ये हवाईस राज्याचा दर्जा मिळाला. आज पर्ल हार्बर व हिकम यांचा संयुक्त तळ, मध्यभागीच्या पठारावरील स्कोफील्ड बराकी, कानिओहे उपसागरावरील मरीन सैनिकांचा तळ, ट्रिप्लरचे मोठे लष्करी रुग्णालय, आणि हिंद-प्रशांत विभागाचे मुख्यालय, इतकी लष्करी ठाणी ह्या एका बेटावर आहेत. तेथील नेमणूक कुटुंबासह असेल तर सामान्यतः तीन वर्षांची असते.

ह्या तीन वर्षांचा संसार महाग पडतो, आणि त्याची कारणे समजून घेतल्याशिवाय पुढील विवेचन नीट कळणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोपासून होनोलुलू सुमारे ३,८५० किलोमीटर दूर आहे. अन्नधान्याचा फार मोठा भाग बाहेरून येतो. १९२० च्या नौवहन कायद्यान्वये अमेरिकेच्या दोन बंदरांमधील मालवाहतूक अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकन मालकीच्या व अमेरिकन खलाशी असलेल्या जहाजांतूनच करावी लागते, त्यामुळे वाहतुकीचा दर स्पर्धेने उतरत नाही. राज्याचा सर्वसाधारण विक्रीवरील कर ओआहूवर साडेचार टक्के आहे, आणि तो अन्नावरही आकारला जातो. वीज मुख्यतः तेल जाळून निर्माण होते व तिचा दर देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. घरांविषयी तर बोलावयासच नको. ओआहूवरील स्वतंत्र घराची मध्यम किंमत २०२१ मध्ये दहा लाख डॉलरांच्या वर गेली.

सैनिकाला ह्या महागाईची झळ थेट लागत नाही, पण ती अजिबात लागत नाही असेही नव्हे. त्याला घरभाडे भत्ता मिळतो. हा भत्ता दर्जा, ठिकाण व आश्रित माणसे पाहून ठरतो. त्याशिवाय हवाई हे प्रशासनाच्या दृष्टीने समुद्रपारचे ठाणे मानले जात असल्याने महागाई भत्ताही मिळतो. छावणीतील कमिसरी नावाच्या दुकानात वाणसामान मूळ किमतीवर पाच टक्के अधिभार घेऊन विकले जाते, त्यावर राज्याचा कर नसतो. परंतु १९९६ नंतर छावण्यांतील घरे खासगी कंपन्यांच्या व्यवस्थेखाली देण्याचे धोरण आले, आणि अशा घरात राहणाऱ्याचा घरभाडे भत्ता सामान्यतः सगळाच्या सगळा भाडे म्हणून जातो. छावणीबाहेर राहणारा सैनिक बाजारात भत्त्याच्या रकमेनिशी उतरतो. ज्याला असा भत्ता नाही तो स्थानिक रहिवासी त्याच घरासाठी त्याच बाजारात उभा असतो. भाडी वाढण्याचे एक कारण हा भत्ता आहे, अशी स्थानिक लोकांची जुनी तक्रार आहे. ती पूर्णपणे सिद्ध करणे कठीण असले तरी ती अकारण आहे असे म्हणता येत नाही.

आता शाळेकडे वळू. सैनिकी मुलास बालवर्गापासून शालान्त परीक्षेपर्यंत सहा ते नऊ वेळा शाळा बदलावी लागते, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. एका राज्यात अपूर्णांक चौथीत, दुसऱ्यात पाचवीत. एका शाळेत मूल एक प्रकरण दोनदा शिकते, आणि दुसरे त्याच्या वाट्यास कधी येतच नाही. ही अडचण दूर करण्यासाठी २००८ पासून राज्याराज्यांत एक करार अमलात आला, आणि २०१४ पर्यंत सर्व ५० राज्ये त्यात सामील झाली. प्रवेश, वर्गनिश्चिती, कागदपत्रे यांबाबत त्याने पुष्कळ सोय झाली हे मान्य केले पाहिजे. पण वर्षाच्या मध्यावर नव्या वर्गात जाऊन बसणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या मनाची सोय कराराने होत नाही. शिवाय हा करार सार्वजनिक शाळांपुरता आहे.

हवाईच्या शाळांविषयी सैनिकी कुटुंबांत एक प्रतिकूल समज बदलीच्या आज्ञेच्या आधीच पोहोचलेला असतो. ‘बेटावर जाताय, तर शाळेचे काय?’ हा प्रश्न एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरत राहतो. ह्या समजात ऐकीव भाग बराच आहे. तळांनजीकच्या कित्येक शाळा सैनिकी मुलांच्या गरजा उत्तम जाणतात, कारण त्यांच्या वर्गांतील बहुसंख्य मुले तशीच असतात. तथापि त्यास एक ठोस घटनाही कारण झाली. २००९-१० च्या शैक्षणिक वर्षात अर्थसंकल्पातील तुटीमुळे राज्याने शिक्षकांस बिनपगारी सुट्ट्या दिल्या, आणि १७ दिवस, बहुतेक शुक्रवारी, शाळा बंद राहिल्या. पालकांनी न्यायालयात धाव घेतली. वडील इराक वा अफगाणिस्तानच्या मोहिमेवर, आई घरी एकटी, आणि शुक्रवारी शाळा बंद, अशी स्थिती ज्यांनी अनुभवली ती कुटुंबे केव्हाच दुसरीकडे गेली. पण त्या शुक्रवारांची आठवण त्यांच्यामागे राहिली, आणि तिने समजाला पुरावा दिला. खासगी शाळांचे शुल्क सामान्य सैनिकाच्या आवाक्याबाहेरचे असते. मग तिसरा मार्ग उरतो तो घराचा.

अमेरिकेत घरी शिकविण्याच्या चळवळीचा इतिहास येथे सविस्तर सांगण्याचे प्रयोजन नाही. जॉन होल्ट ह्या शिक्षकाने १९६४ मध्ये मुले शाळेत का अयशस्वी होतात ह्याविषयी ग्रंथ लिहिला आणि १९७७ मध्ये शाळेवाचून वाढणाऱ्या मुलांसाठी नियतकालिक काढले. पुढे १९८० नंतरच्या दशकात धार्मिक वृत्तीच्या ख्रिस्ती पालकांनी ह्या पद्धतीस मोठे बळ दिले, आणि १९९३ पर्यंत ती सर्व राज्यांत कायदेशीर ठरली. परंतु सैनिकी घरांच्या बाबतीत एक निराळी व अधिक जुनी परंपरा ध्यानात घेतली पाहिजे. बाल्टिमोर येथील कॅल्व्हर्ट स्कूल ही संस्था १९०६ पासून टपालाने गृहपाठक्रम पाठवीत असे. दूरदेशी राहणारे धर्मोपदेशक, वकिलातींतील अधिकारी आणि सैनिक यांची मुले ह्या पेट्यांतील पुस्तकांवर शिकली. शाळेविषयीचा कोणताही तात्त्विक आक्षेप त्यामागे नव्हता. जेथे आपण आहो तेथे आपली शाळा नाही, एवढेच कारण होते. ओआहूवरील आजचे गृहशिक्षण होल्टच्या विचारापेक्षा ह्या पेटीच्या परंपरेला अधिक जवळचे आहे. पुष्कळ सैनिकी कुटुंबांत धर्मश्रद्धेचाही भाग असतो हे खरे. पण जी कुटुंबे एरवी शाळेविरुद्ध काहीच म्हणणार नाहीत, तीही बेटावर आल्यावर हा मार्ग धरतात, आणि ह्याचे स्पष्टीकरण श्रद्धेने होत नाही. ते बदलीने होते.

कायद्याची बाजू पाहता हवाईचे नियम मध्यम स्वरूपाचे आहेत. ज्या सार्वजनिक शाळेत मूल एरवी गेले असते तिच्या मुख्याध्यापकास पालकाने ‘फॉर्म ४१४०’ भरून अथवा साध्या पत्राने कळवावे लागते. मुख्याध्यापक त्याची पोच देतो. त्याची परवानगी लागत नाही. अभ्यासक्रमाची नोंद पालकाने स्वतःजवळ ठेवावयाची असते. आरंभ व समाप्तीची तारीख, आठवड्याचे तास, विषय, प्रगती पडताळण्याची रीत, आणि वापरलेल्या पुस्तकांची यादी, तीही ग्रंथसूचीच्या रूढ पद्धतीने, असे ह्या नोंदीचे स्वरूप आहे. वर्षाअखेर प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो आणि ठराविक इयत्तांत प्रमाणित परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. शिकविणाऱ्याच्या पात्रतेविषयी नियम असा आहे की, आपल्या मुलास घरी शिकविणारा पालक हा पात्र शिक्षक मानला जाईल.

ह्या शेवटच्या कलमातून एक विसंगती निर्माण होते, आणि सैनिकपत्नींच्या बोलण्यात ती वारंवार येते. शिक्षिकेचा व्यवसाय करणारी स्त्री पतीबरोबर दुसऱ्या राज्यात गेली की तिचा परवाना तेथे आपोआप चालत नसे. नवा अर्ज, नवे शुल्क, नवी प्रतीक्षा. २०२३ च्या आरंभी संमत झालेल्या संघराज्याच्या कायद्याने ही अडचण पुष्कळ कमी केली. पण तोवर कित्येक वर्षे अशी स्थिती होती की, जी बाई बेटावरील वर्गात तीस मुलांना शिकवू शकत नव्हती ती स्वयंपाकघराच्या मेजावर स्वतःच्या तीन मुलांना निर्वेध शिकवू शकत होती. पहिल्या कामाचा पगार मिळाला असता, दुसऱ्याचा मिळत नाही.

आणि येथेच ह्या विषयाचा गाभा आहे. महाग ठिकाणी घरातील दोघांनी मिळविते असावे, असा बाजाराचा नियम आहे. ओआहूवरील स्थानिक घरांत तो कसोशीने पाळला जातो. एकापेक्षा अधिक नोकऱ्या करणारी माणसे तेथे दुर्मीळ नाहीत, आणि मुलांना आजीआजोबा सांभाळतात. सैनिकी घरात आजीआजोबा हजारो मैल दूर असतात. पाळणाघरात जागा मिळण्यास प्रतीक्षायादीत नाव घालावे लागते. संरक्षण खात्याच्या २०२१ च्या पाहणीत नोकरी शोधणाऱ्या सैनिकी जोडीदारांतील बेकारीचे प्रमाण सुमारे २१ टक्के आढळले होते, आणि हे जोडीदार बहुतांशी स्त्रियाच आहेत. तीन वर्षांनी जाणार हे ठाऊक असलेल्या बाईस कामावर घेण्यास मालकही नाखूश असतो. अशा स्थितीत दोन मुलांचा सांभाळ, पेट्रोल आणि कर वजा जाता पगारातून काय उरते, याचा हिशेब आई मांडते, आणि उत्तर पुष्कळदा शून्याजवळ येते. मग मुले घरीच असतील, तर शिक्षणही घरीच का नको? ह्या क्रमाने पाहिले असता गृहशिक्षण हा शिक्षणविषयक निर्णय जितका दिसतो तितका तो असत नाही. तो प्रथम गृहअर्थशास्त्रातील निर्णय असतो, आणि त्याला शैक्षणिक तत्त्वांचा आधार मागाहून मिळतो. सैन्याला ह्या व्यवस्थेत जे मिळते ते मोठे आहे. तीन वर्षांनी कुठेही उचलून नेता येईल असे घर त्याला मिळते, त्या घराबरोबर शाळाही उचलली जाते, आणि ह्या सोयीचे मोल कोणत्याही वेतनपत्रकात दिसत नाही.

दैनंदिन व्यवहार कसा चालतो हेही पाहण्यासारखे आहे. सैनिकाची कवायत पहाटे सुरू होते, त्यामुळे घर लवकर जागे होते. गणित व वाचन ऊन चढण्यापूर्वी उरकून घेण्याकडे कल असतो, कारण सर्व घरांत दिवसभर वातानुकूलन चालविणे विजेच्या दरामुळे परवडत नाही. ज्या मुलांचे काही वर्ग महाजालावरून चालतात त्यांची तऱ्हा निराळीच असते. हवाईत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची रीत नाही, म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी तेथील वेळेचे अंतर हिवाळ्यात पाच व उन्हाळ्यात सहा तास असते. पूर्व किनाऱ्यावर सकाळी नऊला भरणारा वर्ग ओआहूवर पहाटे चारला किंवा तीनला भरतो. असे वर्ग घेणारी मुले एक तर ध्वनिमुद्रित पाठांवर भागवितात किंवा ते विषय सोडून देतात. सरकारी खर्चाने एकच मोटार जहाजाने आणता येते. ती घेऊन पती कामावर गेला की कुटुंब छावणीतच राहते, आणि छावणीतील ग्रंथालय, पोहण्याचा तलाव व प्रार्थनामंदिर हीच शाळेची उपांगे बनतात. आठवड्यातून एक दिवस चारपाच कुटुंबे एकत्र येऊन विषय वाटून घेतात. एक आई विज्ञानाचे प्रयोग दाखविते, दुसरी संगीत शिकविते. अशा सहकारी वर्गात नागरी कुटुंबे असली तर फाटकावरील ओळखपत्राची अडचण येते, म्हणून तो बहुधा उद्यानात किंवा किनाऱ्यावर भरतो. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत दिसणारे जीव, बिशप संग्रहालयातील होड्या व पिसांची वस्त्रे, पर्ल हार्बरमधील ॲरिझोना स्मारक, एवढे साहित्य जवळ असताना पाठ्यपुस्तकाची उणीव भासू नये. भासत असेल तर दोष पुस्तकाचा नसावा.

ह्या पद्धतीचा निर्विवाद लाभ वडिलांच्या रजेच्या वेळी दिसून येतो. पाणबुडी सहा महिन्यांच्या सफरीवरून परत येते ती शाळेचे वेळापत्रक पाहून नव्हे. घरी शिकणाऱ्या मुलांना त्या दिवशी सुट्टी असते, आणि वडिलांची रजा संपेपर्यंत ती राहते. हे सुख लहान आहे असे कोणी म्हणू नये. ज्या मुलाने वडिलांना अर्धे वर्ष पाहिलेले नाही त्याच्या दृष्टीने अपूर्णांक पंधरा दिवस थांबू शकतात.

पण ह्याच पद्धतीमुळे एक भिंतही उभी राहते, आणि तिचा इतिहास त्या बेटांवर आजचा नाही. १८२० मध्ये बोस्टनहून प्रथम आलेले धर्मोपदेशक आपली मुले प्रारंभी घरीच शिकवीत, किंवा सात-आठ वर्षांची झाली की केप हॉर्नला वळसा घालणाऱ्या जहाजाने न्यू इंग्लंडला धाडून देत. बेटांवरील मुलांशी आपल्या मुलांनी मिसळू नये, त्यांची भाषा शिकू नये, अशी त्या मातांची दक्षता असे. मुलांच्या ह्या वियोगावर उपाय म्हणूनच १८४१ मध्ये पुनाहोऊ ही शाळा निघाली. पुढे १८९६ च्या कायद्याने हवाईयन भाषा शाळांतून माध्यम म्हणून बाद झाली. ती शाळांत परत येण्यास १९७८ ची घटनादुरुस्ती आणि १९८४ पासूनच्या पूनाना लेओ ह्या बालशाळांचे प्रयत्न व्हावे लागले. आज सार्वजनिक शाळेत जाणाऱ्या मुलास, मग ते सैनिकाचे का असेना, बेटांचा इतिहास व संस्कृती ह्यांचे शिक्षण राज्यघटनेच्या आदेशानुसार मिळते. मुख्य भूमीवरून आलेल्या पेटीतील पुस्तकांवर शिकणाऱ्या मुलास ते मिळेलच असे नाही. तीन वर्षे बेटावर राहून, समुद्रात पोहून, पण १८९३ चे वर्ष कशासाठी स्मरणात ठेवावयाचे हे न कळता मूल निघून जाऊ शकते. ओआहूवरील माकुआ खोऱ्यातील रहिवाशांना १९४२ मध्ये सैन्यासाठी हलविण्यात आले. १९६४ मध्ये राज्याच्या काही जमिनी सैन्यास ६५ वर्षांसाठी एक डॉलर नाममात्र भाड्याने देण्यात आल्या, त्यांची मुदत २०२९ मध्ये संपते. ज्या मुलाच्या वडिलांचा सराव त्या जमिनीवर चालतो त्याने ह्या गोष्टी वाचाव्यात, अशी अपेक्षा अवाजवी नाही. काही माता आवर्जून हा इतिहास शिकवितात, हेही नमूद केले पाहिजे. प्रश्न असा की, तो शिकविणे त्यांच्या इच्छेवर राहते.

भिंतीची दुसरी बाजू आर्थिक आहे. सैनिकी जमिनींवर कर नसल्याने जिल्ह्यांचे जे नुकसान होते त्याची भरपाई म्हणून संघराज्य सरकार १९५० पासून शाळांना अनुदान देते, आणि ते शाळेत दाखल असलेल्या मुलांच्या संख्येवरून ठरते. घरी शिकणारे मूल ह्या मोजणीत येत नाही. म्हणजे शाळा चांगली नाही म्हणून मूल काढून घ्यावे, तर शाळेचे उत्पन्न तेवढे घटते. एकेका कुटुंबाला ह्यात दोष देणे योग्य नव्हे. तीन वर्षांसाठी आलेल्या आईने आपल्या मुलाला शाळेच्या सुधारणेसाठी पणास लावावे, असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही.

घर आणि शाळा एकच झाली म्हणजे एका संकटाने दोन्ही जातात, ह्याचा प्रत्यय २०२१ च्या नोव्हेंबरात आला. पर्ल हार्बरच्या वरच्या बाजूस रेड हिल येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डोंगराच्या पोटात इंधनाच्या वीस प्रचंड टाक्या बांधण्यात आल्या होत्या. त्यांच्या खाली सुमारे शंभर फुटांवर पिण्याच्या पाण्याचा भूगर्भसाठा आहे. गळतीचे इंधन नौदलाच्या नळयोजनेत शिरले, आणि सुमारे ९३,००० लोकांच्या पाण्याला त्याचा वास येऊ लागला. हजारो कुटुंबांस हॉटेलांत हलविण्यात आले. शाळेत जाणाऱ्या मुलाला निदान दिवसाचे काही तास दुसरी जागा होती. घरी शिकणाऱ्याची वह्या-पुस्तके, मेज, प्रयोगाची भांडी, सारे त्याच घरात होते जेथील नळ उघडावयाचा नव्हता. वाइकीकीच्या हॉटेलातील एका खोलीत आई, दोनतीन मुले आणि अभ्यास, असे कित्येक आठवडे गेले. २०२२ च्या मार्चमध्ये संरक्षणमंत्र्यांनी त्या टाक्या कायमच्या बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि २०२५ मध्ये नमुन्यादाखल चाललेल्या खटल्यात १७ वादींना भरपाई मंजूर झाली. तोवर त्यांतील बहुतेकांच्या बदलीची मुदत केव्हाच संपली होती.

घरी शिकलेल्या मुलांची शैक्षणिक प्रगती शाळेतील मुलांपेक्षा अधिक असते, असे सांगणारी अनेक प्रकाशने आहेत. त्यांचा उपयोग जपून केला पाहिजे. अशा पाहण्यांत बहुधा स्वखुशीने उत्तर देणारी कुटुंबेच येतात, आणि ज्या घरात अभ्यास नीट चालत नाही ते घर पाहणीचा कागद भरून पाठवीत नाही. जनगणना खात्याच्या पाहणीत २०२० च्या वसंत ऋतूत ५.४ टक्के घरांनी गृहशिक्षण चालू असल्याचे सांगितले आणि त्याच वर्षाच्या शरद ऋतूत ११.१ टक्के घरांनी. महामारीच्या त्या सहा महिन्यांत पालकांची शिक्षणविषयक मते दुपटीने बदलली असे कोणी म्हणणार नाही. परिस्थिती बदलली आणि कुटुंबांनी तिला उत्तर दिले. सैनिकी कुटुंबांच्या बाबतीत अशी परिस्थिती दर तीन वर्षांनी येते.

नियमांच्या दृष्टीनेही बदली म्हणजे नवा आरंभ असतो. टेक्ससमध्ये गृहशिक्षणाची सूचना कोणासही द्यावी लागत नाही. तेथून ओआहूवर आलेल्या आईला प्रथमच फॉर्म भरावा लागतो आणि पुस्तकांची यादी ठेवावी लागते. न्यूयॉर्कहून आलेलीस हेच नियम हलके वाटतात, कारण तेथे दर तिमाहीस अहवाल द्यावा लागत असे. शाळा सुटली तरी राज्य सुटत नाही. ते केवळ दर बदलीला निराळे असते.

तीन वर्षे संपत आली म्हणजे सामान बांधणारी माणसे येतात. जहाजाने न्यावयाच्या सामानाला दर्जानुसार वजनाची मर्यादा आहे, आणि घरातील सर्वांत जड वस्तू पुस्तके असतात. कोणत्या इयत्तेची ठेवावयाची, धाकट्यासाठी कोणती लागतील, कोणती येणाऱ्या कुटुंबास देऊन टाकावयाची, ह्याची निवड आई जमिनीवर बसून करते. मुख्याध्यापकास मूल राज्य सोडीत असल्याचे पत्र जाते. नवी नेमणूक व्हर्जिनियातील नॉरफोकची असेल, तर तेथील शिक्षणाधिकाऱ्यास १५ ऑगस्टपर्यंत सूचना द्यावी लागते, आणि पुस्तकांच्या पेट्या त्यावेळी बहुधा समुद्रावरच असतात.